भीती घालवण्याचं शिबिर

गावात एका रात्री आमच्या वस्तीवर हल्ला झाला आणि आम्ही मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत आलो. तेव्हापासून आई दाराला पाठ लावून, बसूनच झोपायची. त्या रात्रीबद्दल मात्र चकार शब्द नाही. विषय निघाला की उठून भांडी घासायला घ्यायची, घासलेली असली तरी. हे असंच आत साठत राहिलं तर ती हातची जाईल, असं मला वाटायचं.

म्हणून एका संस्थेनं आमच्यासारख्यांसाठी भीती घालवण्याचं शिबिर ठेवलं, तेव्हा शेंद्रा एमआयडीसीतल्या माझ्या कंपनीत सुट्टी टाकून मी तिला घेऊन गेले. आता भीती घालवायची म्हणजे आधी प्रमुख पाहुणे पाहिजेत. पाहुणे म्हटले की शाल, श्रीफळ, फेटा आणि बॅनर. बॅनरवर त्यांचा चेहरा एवढा मोठा, की शिबिराचं नाव खाली कडेला कसंबसं मावलं होतं. समुपदेशक बाई वेळेवर येऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. भाषणांतून उरेल तो वेळ त्यांचा. पाहुणे आल्याशिवाय कुणाला रडायचीसुद्धा सोय नव्हती.

बऱ्याच उशिरानं पाहुणे आले. आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणं कार्यकर्त्यांनी हॉलच्या दारातच फटाक्यांची माळ लावली.

पहिल्या आवाजाला निम्मा हॉल खुर्च्यांखाली गेला. आई तेवढी उठली. धावत जाऊन तिनं दार लावलं, कडी घातली, दिवे घालवले आणि समुपदेशक बाईंना खांदा दाबून खाली बसवलं. त्याही निमूट बसल्या. सकाळपासून त्यांची दखल घेणारी ती पहिलीच.

माळ संपली. पाहुणे बाहेर, त्यांचा फेटा आत. मला हसू फुटत होतं, तेवढ्यात दिसलं, आईनं कडी अजून दोन्ही हातांनी दाबून धरली होती.

दार वाजलं. एक कार्यकर्ता बाहेरून ओरडला, "अहो मावशी, उघडा! घाबरू नका, आपलीच माणसं आहेत, ओळखीची!"

बाई आईशेजारी सरकल्या.

"तवाबी वळखीचेच व्हते," आई म्हणाली. "नावानं हाक मारली, म्हून तर म्या कडी काढली."