पुरणावरचं बोट

दिवाकर देशकरांचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. रेल्वेत अपघातांच्या चौकशा करण्यात हयात गेलेली. निवृत्तीनंतर ते दूधवाल्याचे आणि जावयाचे जबाब घेत. विश्वास एकट्या देवावर, आणि तोही पुराव्यानिशी!

"सिग्नल आपोआप पडत नाही, कोणीतरी लिव्हर ओढते," ते शेजारच्या दयाराम मेश्रामांना सांगत. "मंग एवढी दुनिया आपोआप चालून राहिली का?"

दयाराम बौद्ध, देव न मानणारे. ते हसत. "अन् ओढणाऱ्याले कोण ओढते, भैया?"

मग दिवाकरराव हुकमी पान टाकत. भाद्रपदात त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसत. नैवेद्य दाखवून दार लोटायचं, देवी जेवतात. दार उघडलं की पुरणावर बोटाची खूण! दरवर्षी.

"बोट आहे म्हणजे बोटवाला आहे," दयाराम एकदा म्हणाले. "तो देवच कशावरून? दार तं नुसतं लोटलेलं."

हे झोंबलं. कारण हाच संशय दिवाकररावांनी मनात दाबून ठेवला होता आणि तो बायकोवर, वनमालाबाईंवर होता. शहर राजधानी झाल्यापासून त्यांच्या शंकर नगरात चोऱ्यांची बोलवा फार, म्हणून नवं कुलूप आणलेलं होतंच. यंदा ते त्यांनी देवींच्या खोलीला ठोकलं, किल्ली जानव्याला बांधली.

"देवाले कुलूप? काहून?" वनमालाबाई.

"चौकशी आहे."

देवींच्या जेवणाची वेळ सरल्यावर कुलूप काढलं. पुरण वाढलं तसंच, गुळगुळीत. खरं तर वाईट वाटायला हवं होतं, देव हातचा गेला होता. पण चोर सापडल्याचा आनंदच मोठा.

"सापडली! इतकी वर्षं तूच करून राहिली होती!"

वनमालाबाई म्हणाल्या, "मी? मले तं वाटे, तुम्ही करता. माह्या मनाले धीर यावा म्हणून. त्या एका गोष्टीपायी तुमचं सारं सोसलं मी."

दिवाकरराव गडबडले. आपण तर कधी केलं नव्हतं. हिनंही केलं नसेल, तर आजवरची बोटं देवींचीच; जन्मभर शोधला तो पुरावा समोर उभा होता. फक्त बायकोवर विश्वास ठेवायचा होता. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"शपथ घे," ते म्हणाले.

वनमालाबाईंनी नैवेद्याचं ताट उचललं.

"पुढच्या साली महालक्ष्म्या अभनपूरले बसतीन, धाकट्या जावेकडे," त्या म्हणाल्या. "तिचा नवरा तिले शपथ नाही मागत."