टेपखालची जागा

चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं स्प्रेगननं पत्रे रंगवणारे उद्धवराव रविवारी घरी बसून काय करतात, तर पत्राच रंगवतात, आणि त्याला निसर्गचित्र म्हणतात. झाड नाही, नदी नाही. नुसते राखाडी-मातकट पट्टे. समोरचे गॅरेजवाले इब्राहिमभाई बघून म्हणाले, "भाऊ, प्रायमर झकास बसलाय. आता चित्र कधी काढणार?" तळवड्याच्या त्या गल्लीला आठवडाभर हसू पुरलं.

आज मात्र उद्धवरावांना हसू येत नव्हतं. पिंपरीतल्या प्रदर्शनानं आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं चित्र मागितलं होतं, संध्याकाळी पाच वाजायच्या आत द्यायचं होतं. चित्रात चाकणचा माळ होता, पण रिकामा रिकामा. सकाळपासून ते उठत, बसत, चष्मा पुसत.

"कोपऱ्यात एखादा माणूस काढा की," त्यांची बायको कस्तुराबाई भाकरी थापत म्हणाल्या.

"मग लोक त्यालाच बघतील. माळ कोण बघणार?"

"बरं. मग भाकरी माळालाच मागा."

तीन वाजता पत्रा उचलताना बोटाला रंगाखाली कड लागली. मास्किंग टेप! बोल्टच्या जागी रंग जाऊ नये म्हणून कंपनीत चिकटवतात, ती. भंगारातून आणलेल्या पत्र्यावर ती तशीच राहिली होती आणि यांनी तीन रविवार तिच्यावरच माळ रंगवला होता. त्यांनी ती ओढली. बोटभर उभी, कोरी, चकचकीत पट्टी उघडी पडली. माळावर कुणीतरी उभं राहिलं.

कस्तुराबाई वाकल्या. पट्टी लाल झाली. "अगंबाई, माझं लुगडं दिसतंय यात."

उद्धवरावांचा हात आपोआप रंगाकडं गेला. कंपनीत असा कोरा डाग म्हणजे लाल खडूचा गोल आणि माल परत.

"हात लावाल तर बघा," कस्तुराबाई म्हणाल्या.

इब्राहिमभाईंच्या स्कूटरवर मागं बसून पत्रा पिंपरीला निघाला. उद्धवरावांच्या खिशात टचअपच्या रंगाची बाटली होती. प्रत्येक सिग्नलला हात खिशात जायचा, बाहेर यायचा.

चित्र देऊन ते बाहेर आले, पुन्हा दाराकडं वळले, पुन्हा आले. शेवटी बाटली इब्राहिमभाईंपुढं धरली.

"ही ठेवा. नाहीतर मी आत जाईन."

इब्राहिमभाईंनी ती डिकीत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली हातात घट्ट धरली.

"पाच वाजू द्या," ते म्हणाले, "मग देतो."