बेटावरचं बंद घर

आमच्या वरच्या मजल्यावरचा नसरुद्दीन दम्मामच्या बंदरात क्रेन चालवतो. कामाला चोख, बोलायला कमी आणि कुणावर विश्वास ठेवायला त्याहून कमी. मी नाशिकचा, तो रत्नागिरीकडच्या एका लहानशा बेटावरचा. तिथले निम्मे बाप्ये आखातात, त्यामुळे घरं मोठी आणि माणसं थोडी.

गेल्या वर्षी सुट्टीवर जाऊन त्यानं आईला, शरफुन्निसाबींना, व्हिजिट व्हिसावर इकडे आणलं. बेटावरची रीत अशी की परगावी जाताना चावी शेजारी द्यायची. शेजारीण दारं-खिडक्या उघडते, अधूनमधून चूल पेटवते, जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, लोबानाचा धूप घालते. घर ओसाड दिसता कामा नये. शरफुन्निसाबी चावी मुन्नीला द्यायला निघाल्या होत्या. मुन्नी शेजारची विधवा. दोघींचं मीठ-मिरचीपासून सगळं एकत्र.

"अम्मा, घरात एसी आहे, फ्रीज आहे. मुन्नीखाला नेईल उचलून," म्हणत नसरुद्दीननं चावी स्वतःच्या खिशात घातली. आईनं समजावून पाहिलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण हा जरा जास्तच शहाणा होता.

पुढे बेटावर सरकारी माणसं उतरली. तिथं लष्करी तळ होणार होता, गाव उठणार होतं. राहत्या घराला किनाऱ्यावर नवं घर, कुलपाच्या घराला काही नाही. गावातल्याच शाहिदचं कुटुंब तेव्हा मुंबईत होतं, पण शेजाऱ्यांनी त्याची चूल पेटती ठेवलेली, म्हणून त्याचं घर राहतं धरलं. नसरुद्दीनच्या दाराला मात्र भलंमोठं कुलूप. त्यानं अर्ज केला, तर उत्तर आलं की म्हातारी परदेशात राहते.

आईला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. नुसता व्हिसा वाढवत राहिला. ती रोज विचारायची, घरी कधी जायचं? मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

शेवटी व्हिसा वाढेना. तेव्हा त्यानं मला वर बोलावलं, कारण आईसमोर एकट्याचं तोंड उघडत नव्हतं. मी चहाचा कप धरून बसलो आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

"पाडलं घर?" शरफुन्निसाबींनी विचारलं.

"हो अम्मा."

"मुन्नीला मिळालं?"

"मिळालं. दोन खोल्यांचं."

"मग लाव तिला फोन."

त्यांनी फोनवर मुन्नीला दोनच वाक्यांत सगळं सांगितलं आणि तुझ्याकडे राहायला येऊ का, असं विचारलं. स्पीकर चालू होता.

"बुबू, विचारतेस काय?" मुन्नी थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली. "एक खोली तुझीच. कधी येतेस ते सांग. आणि नसरू कसा आहे? जेवतो ना वेळेवर?"

नसरुद्दीननं फोन हातात घेतला. "मुन्नीखाला," एवढंच म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.

शरफुन्निसाबींनी फोन त्याच्याकडून काढून घेतला. "काही नाही गो," त्या म्हणाल्या, "त्याला कामावर जायचंय."