पस्तीवाल्याचा काटा

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. हृदयाच्या पेशंटच्या पायात पाणी साठतं तसे ते साठतात. बोटानं दाबून बघेपर्यंत पत्ता लागत नाही. बडोद्यात हार्टच्या वॉर्डात माझा जन्म गेला. आया म्हणून लागले, शिक्षण चौथी. इंग्रजी अक्षरं शिकले ती औषधांच्या खोक्यांवरून. नव्या सिस्टर विचारायच्या, "मावशी, तुमचं ट्रेनिंग कुठे झालं?"

मी म्हणायची, "उभ्या उभ्या. तुमचं बसून झालं, एवढाच फरक."

*

वॉर्डात एक नियम मी घातला होता. घरी निघालेल्या पेशंटनं शेजारच्या नव्या पेशंटला सगळं शिकवायचं, मगच चपला घालायच्या. नुसती मान हलवणाऱ्यावर माझा विश्वास नाही. मान टेबलफॅनही हलवतो.

नंदेसरीच्या कारखान्यातले शिंदे, आडदांड माणूस, स्टुलावर बसून शेजारच्याला सांगत होते, "छातीत आवळलं की आधी खाली बसायचं, मग गोळी जिभेखाली. उभ्यानं घेतली तर चक्कर येते."

"तुम्हाला काय माहीत?"

"पडलोय ना. मिसेसच्या तुळशीवर, कुंडीसकट."

*

मिठाचं तर विचारूच नका. निजामपुऱ्याच्या जोशीबाई शपथा घ्यायच्या, "ह्यांचं मीठ कधीच बंद केलंय." तरी नवऱ्याची सूज हटेना. एक दिवस मी डब्यातली भाजी चाखली. खारट!

"ते सैंधव आहे हो. उपासाला चालतं, ते मीठ कसं?"

"देवाला चालतं, बाई. देवाचं हार्ट फेल होत नाही."

खाटेवरून जोशी म्हणाले, "म्हणजे वर्षभर मी उपास करतोय, आणि पुण्य हिला?"

*

माझे लाडके पेशंट देशपांडेकाका. शाळेत चित्रकला शिकवायचे. राहायला माझ्याच गल्लीत, घडियाळी पोळमध्ये. हृदय अगदी दमलेलं. त्यांना बजावलं, "रोज सकाळी चहाच्या आधी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं तर ते मांस नाही, पाणी. त्याच दिवशी यायचं. उशीर केलात तर फुप्फुसात चढेल, मग माझ्या हातात काही नाही."

"घरात काटा नाही, मावशी."

"मग शोधा."

शोधला त्यांनी. पोळच्या तोंडाशी कनुभाई पस्तीवाल्याचं दुकान, रद्दीचे गठ्ठे तोलायचा भला मोठा काटा. काका रोज सकाळी त्यावर चढायचे आणि कनुभाई दाराच्या फळीवर खडूनं आकडा लिहायचा. तो मला पायाची सूज अंगठ्यानं कशी बघायची तेही समजावू लागला. म्हटलं, "तुला कुणी शिकवलं रे?"

"काकाए. ने काकाने तमे." म्हणजे त्याला काकांनी, आणि काकांना मी.

*

एका हिवाळ्यात आकडा चढला. काका म्हणाले, "स्वेटर घातलाय."

कनुभाईनं स्वेटर उतरवून वेगळा तोलला. "स्वेटर पाचशे ग्राम, काका. बाकी पाणी." दुकान उघडं टाकून रिक्षात घालून आणलं त्यांना. त्यानंतर काका सहा वर्षं जगले. गेले ते झोपेत, शांतपणे. फळीवरचे आकडे कनुभाईनं अजून पुसलेले नाहीत.

*

आता माझंही हृदय दमलंय. लेकीनं घरी काटा आणून दिलाय, पण तो बोलत नाही. म्हणून मी कनुभाईकडेच जाते. माझे आकडे काकांच्या खाली असतात.

गेल्या उतरायणाला दोन दिवस गच्चीवर पतंग, उंधियू आणि लोणचं. हो, मीच खाल्लं. तिसऱ्या दिवशी काट्यावर चढले, तर कनुभाईचा खडू थांबला.

"मासी, बे किलो वधारे."

"शाल आहे अंगावर."

"लावो शाल."

शाल तोलली. मग खाली बसून माझ्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला तो पडलाच. त्यानं उठून शटर ओढलं आणि रिक्षाला हात केला.

वॉर्डात माझ्याच जुन्या खिडकीजवळची खाट मिळाली. नवी सिस्टर ऑक्सिजन लावता लावता म्हणाली, "वेळेवर आलात, आजी. उद्यावर गेलं असतं तर अवघड होतं. कुणाच्या लक्षात आलं?"

मी कनुभाईकडे बोट दाखवलं. तो माझी शाल खांद्यावर घेऊन उभा होता.

"अरे वा. भाई, तुमचं ट्रेनिंग कुठे झालं?"

माझ्याकडे बघून कनुभाई म्हणाला, "ऊभा ऊभा, बेन."