चलथाणची बस

लिंबायतच्या गल्लीत घरबसल्या साड्यांचे धागे कापणाऱ्या मालतीबाईंना एकच गोष्ट शिकायची होती. बसवरची गुजराती पाटी वाचणं. लेक हर्षदा चलथाणला दिलेली, तिला सातवा महिना लागलेला. नवरा धुडकू कापडाच्या कारखान्यात, संच्यावरून सुटत नसे. बाळंतपणाला आई पोचायची तर एकटीनेच पोचायला हवं होतं.

म्हणून त्या दुपारच्या वर्गाला बसू लागल्या. वर्ग टॅबलेटवरचा. पडद्यावर पांढऱ्या मिशांचे, टोपीवाले गुरुजी आले, की मालतीबाईंचा पदर नाकापर्यंत उतरायचा आणि मान खाली जायची. खानदेश सुटून वर्षं लोटली, तरी सासऱ्या-भासऱ्यासमोर त्यांनी कधी तोंड वर केलं नव्हतं. तोंड दिसलं नाही, की टॅबलेट धडा थांबवायचा. "चेहरा समोर ठेवा."

"मावशी, तुमचं लक्ष आहे का, एवढंच बघतो तो," वर्ग घेणारी मृणाल म्हणाली. ती गल्लीपलीकडे राहणाऱ्या बँकवाल्यांची लेक. "आत खरा माणूस नाहीये हो."

"मानूस नही, ते मंग तोंड कसाले देखस?"

मृणालने नुसताच धडा पुन्हा सुरू केला. मालतीबाईंचा संशय पक्का झाला. बायांची तोंडं बघून हा कुणाला सांगत असेल?

इकडे हर्षदाला नववा लागला आणि धडा पहिलाच. शेवटी त्यांनी शेजारच्या चंचलला गाठलं. "तुले ना लाज ना शरम. तू बस त्याना समोर."

"बससू. पन मी शिकाव नही," चंचल म्हणाली.

चंचल मिश्री लावत पडद्याकडे बघत बसायची. मालतीबाई बाजूला, पदराआड. गुरुजी जाऊन अक्षर आलं, की चंचल कोपराने ढोसायची. मग मालतीबाई डोकावून घ्यायच्या आणि खडूने फरशीवर गिरवायच्या. टॅबलेट चंचलला म्हणायचा, "शाबास! छान लक्ष आहे."

"देखं? आंधळं शे ते," मालतीबाई पुटपुटायच्या.

एका सकाळी चलथाणहून फोन आला. धुडकू कामावर होता. मालतीबाई पिशवी घेऊन थांब्यावर उभ्या राहिल्या. बस आली. त्यांनी पाटीवरचं एकेक अक्षर ओठांत जुळवलं, चढल्या आणि तरीही कंडक्टरला विचारलं, "चलथाणच ना?"

"पाटिया पर लख्युं तो छे, माशी. वांची नथी शकता?"

"वाचं ना मी," मालतीबाई खिडकीशी बसत म्हणाल्या, "पन लिखणारना काय भरोसा?"