एकोणतीस फेब्रुवारीचा आवाज

बोलायचं काम बायकोचं आणि ऐकायचं किल्लीवाल्याचं, अशी त्या घरातली वाटणी लग्नापासूनच ठरून गेली होती. ती रेडिओ केंद्रावर निवेदिका. सकाळच्या बातम्यांआधी ‘आजच्या दिवशी’ नावाचा तिचा छोटासा कार्यक्रम लागायचा: आज कुठलं जहाज बुडालं, माणूस चंद्रावर कधी उतरला, कोणता राजा गादीवरून खाली आला. तो जिन्याखालच्या वीतभर दुकानात किल्ल्या घासायचा. गिऱ्हाईक कौतुकानं म्हणायचं, “तुमच्या बाईंना जगाचा इतिहास तोंडपाठ आहे हो.” हा म्हणायचा, “माझाही आहे. भांडण झालं की तारीखवार काढते.”

तो कार्यक्रम रोज ताजा नसायचा. वर्षाच्या सगळ्या तारखा एकदा बसून रेकॉर्ड करायच्या आणि त्याच पुन्हापुन्हा फिरवायच्या, ही केंद्राची रीत. त्यामुळे बाईसाहेब पांघरुणात गुरफटलेल्या असायच्या आणि इकडे ओट्यावरच्या रेडिओतून ठणठणीत बोलत असायच्या. हा चहा ठेवता ठेवता हाक मारायचा, “अगं ऊठ, तू केव्हाची बोलतेयस.”

मग तिचा घसा धरला, आणि तो घशाचा आजार साधा निघाला नाही. शेवटच्या महिन्यांत आवाज इतका बसला की पाणी मागायलाही तिला दम घ्यावा लागायचा. हा कान तिच्या ओठांशी नेऊन बसायचा. ती गेली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर होतीच. नातेवाईक म्हणाले, बंद करा तो, उगाच जीव जाळून घेता. त्यानं कोणाचं ऐकलं नाही. चहाचे दोन कप ठेवून तो ऐकत बसायचा.

एके सकाळी तिच्या जागी नवीनच कोणीतरी बोललं. तो दुकान न उघडता तडक केंद्रावर गेला. तिथला रेकॉर्डिंगवाला तिच्या जुन्या ओळखीचा, तो ह्याला जिन्यात घेऊन आला.

“नव्या बाईंनी सगळं वर्ष नव्यानं रेकॉर्ड केलं,” तो म्हणाला. “त्याच टेपांवर. वहिनींचं पुसलं गेलं, दादा.”

“सगळं?”

“एकोणतीस फेब्रुवारी राहिलीय. ह्या वर्षी ती तारीख नाही म्हणून नव्या बाईंनी केलीच नाही.”

“मग तेवढी मला दे.”

“बाहेर द्यायची नाही. साहेबांना विचारलं तर तीही पुसायला लावतील. मी गुपचूप ठेवतो. लीप वर्ष आलं की लावतो. शब्द देतो.”

किल्लीवाल्यानं त्या शब्दावर दिवस काढले. घरात तिच्या आवाजाची एवढीशी टेप नव्हती. दिवसभर स्वतःलाच ऐकते, घरी तरी नको, म्हणायची. आपण तिचा आवाज विसरू ही एकच धास्ती त्याच्या मनानं घेतली. दुकानात मशीन थांबवून तो डोळे मिटायचा आणि तिची हाक आठवून बघायचा. आठवायची. मग जिवात जीव यायचा. गिऱ्हाईक वैतागायचं, “झोपलात का काका?” तो किल्ली हातात ठेवायचा.

लीप वर्ष आलं. एकोणतीस तारखेला सासरहून मुलगी आली, येताना टेपरेकॉर्डर घेऊन आली. तिनं तो रेडिओला टेकवून ठेवला, कोरी कॅसेट घातली. ह्यानं दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. ती गालातल्या गालात हसली. कार्यक्रमाची धून वाजली तशी तिनं बटण दाबलं आणि ती दूध घ्यायला दाराकडे वळली.

“नमस्कार. आजच्या दिवशी, पंधराशे चार साली, चंद्रग्रहणाचा धाक घालून एका दर्यावर्दीनं बेटावरच्या लोकांकडून अन्न मिळवलं...” आवाज मोकळा, भरलेला, शब्दाच्या टोकाला किंचित हसू.

किल्लीवाल्याचं तोंड उतरलं. फसवलं त्या रेकॉर्डिंगवाल्यानं, शब्द देऊन फसवलं. “ही नव्हे ती,” तो ओरडला, “त्या दुसरीलाच लावलीय,” आणि त्यानं रेडिओ खटकन बंद केला.

मुलगी धावत आत आली. “बाबा, काय केलंत? आई होती ती.”

बटणावरचा त्याचा हात सोडवून तिनं रेडिओ परत लावला तेव्हा बातम्या सुरू झाल्या होत्या. तिनं कॅसेट मागे फिरवून लावली. पुन्हा नमस्कार, पुन्हा तो दर्यावर्दी, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत मध्येच त्याचा स्वतःचा आवाज, ही नव्हे ती.

“परत लाव,” तो म्हणाला. तिनं लावली. तो कान टेपरेकॉर्डरला लावून ऐकत होता, जसा आजारपणात बायकोच्या ओठांशी न्यायचा.

“अशी बोलायची ती?” त्यानं विचारलं.

“अशीच बोलायची, बाबा.”

“मी रोज आठवत होतो गं,” तो म्हणाला. “पण मला ती पाणी मागतानाचीच आठवत होती.”