खोकल्याचं घर

रेवदंड्याच्या बाजारात ठमी कोळीण मासे घेऊन बसली की शेजारच्या बायका कपाळाला हात लावायच्या. ही बाई आपणहून माशाचा कल्ला उघडून गिऱ्हाइकाला दाखवायची. आत लाल असेल तर "घे", काळपट असेल तर "कालचा हाय, पोरांना घालू नको" असं तोंडावर सांगायची. अशानं धंदा होतो का? हिचा व्हायचा. तिच्या शब्दावर डोळे मिटून मासळी घेणारी घरं पार चौलपर्यंत होती.

अशा बाईनं जन्मात एकदाच खोटं रेटलं, आणि तेही चांगलं जाडजूड.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. तिचा नवरा धर्माजी, होडीवरचा तांडेल, क्षयानं अंथरुणाला खिळला. अलिबागच्या डॉक्टरानं सुया लिहून दिल्या. पहिल्या टोचल्या तशी अंगात थोडी धुगधुगी आली. मग घरातलं सगळं संपलं आणि सुयाही संपल्या. मधेच थांबलात तर माणूस हातचा जाईल, असं डॉक्टर बजावून गेला होता. पाटल्या गेल्या होत्या, होडीतला वाटा गेला होता. उरलं होतं घर: दोन खोल्या, पुढे ओटा, समोर समुद्र. मे महिन्यात मुंबईची माणसं नारळीच्या वाड्यांतली घरं भाड्यानं घेतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं तांगेवाल्या अहमदला गाठलं. "एखादं बिऱ्हाड आण. पंधरा दिस घर देते."

क्षयाच्या माणसाच्या घरात कोण राहायला येणार? तिनं धर्माजीला उचलून घरामागच्या जाळ्यांच्या खोपीत नेलं. त्याची गोधडी जाळली, भिंतींना दोनदा चुना दिला, जमीन सारवली. "पावणं जाईपर्यंत तोंडात फडका धरून खोका," असं त्याला सांगितलं. त्यानं फडका हातात घेतला. ज्याच्या एका हाकेवर अख्खी होडी वळायची, त्या माणसाला ती त्याच्याच घरामागे दडवत होती. तिला स्वतःची शिसारी आली.

अहमदनं आणलेलं बिऱ्हाड लहानसंच होतं: मुंबईची नीराबाई आणि तिची आठ-नऊ वर्षांची शकू. कारकून नवरा दोघींना पोचवून नोकरीवर परतला होता. अलिबागच्या लॉजमध्ये करमेना म्हणून घर घेतलं, असं नीराबाई म्हणाली.

"आणि तुमचे यजमान?"

"दर्यावर गेलेत," ठमी म्हणाली.

एरवी मुंबईचं माणूस कोळीवाड्यात शिरलं की नाकाला पदर लावतं. हिनं नाक मुरडलं नाही की घर धड पाहिलं नाही. समुद्राच्या हवेला म्हणून आली आणि दिवसभर दारं-खिडक्या लावून बसली. ठमीला नवल वाटलं, पण बरंही वाटलं. ती दिवसा बाजारात असे आणि रात्री खोपीत निजे.

चौथ्या दिवशी ती दुपारीच परतली आणि ओट्यावर बोंबील निवडत बसली. आतून शकू खोकली. पुन्हा खोकली, खोलवरून, दम लागेस्तोवर. ठमीनं बोंबील बाजूला ठेवले. हा खोकला तिच्या ओळखीचा होता. माझ्या भिंतींतून लागला पोरीला, असंच तिच्या मनानं घेतलं.

सांगावं तर बिऱ्हाड जाणार, भाडं जाणार, सुया जाणार आणि धर्माजी जाणार. न सांगावं तर ही परक्याची पोर जाणार. ठमी दिवस कलेपर्यंत तिथेच बसून राहिली. मग पदरानं तोंड पुसून आत गेली.

"बाई, मी खोटं बोलले. माजा मालक दर्यावर न्हाय, मागं खोपीत हाय. त्याला छातीचा रोग हाय. सा महिनं तो याच खोलीत निजत व्हता. पोरीला घेऊन आजच जा."

नीराबाईनं ट्रंक उघडली, लुगडी बाजूला केली. खाली झाकणाची थुंकदाणी होती आणि सुयांच्या औषधाच्या बाटल्या. ठमीला अक्षर येत नव्हतं, पण त्या बाटल्या तिनं झोपेतही ओळखल्या असत्या.

"लॉजवाल्यानं शकूचा खोकला ऐकला आणि सामान रस्त्यावर ठेवलं," नीराबाई म्हणाली. "घर घेतलं तर कुणी विचारणार नाही, असं वाटलं. आम्हाला काढू नका हो."

ठमीला आधी भयंकर संताप आला. चार दिवस तिकडे तो माणूस फडका चावत पडला होता, तो कुणाला भिऊन? मग ती उंबऱ्यावर बसली आणि हमसून हमसून रडली.

डोळे पुसून ती खोपीत गेली. "चला घरी."

"पावणी गेली?" धर्माजीनं विचारलं.

"न्हाय."

"मग?"

"आपल्यातलीच हायत ती."

भाड्यातून सुया आल्या, पण मधे फार दिवस गेले होते. धर्माजी पावसाळ्यात गेला. गेला तो मात्र स्वतःच्या ओट्यावर, समुद्राकडे तोंड करून.

पुढल्या मे महिन्यात अहमदचा तांगा पुन्हा दाराशी थांबला. नीराबाई उतरली. एकटीच. पंधरा दिवसांसाठी घर हवं होतं.

ठमीनं शकूचं विचारलं नाही, नीराबाईनं धर्माजीचं विचारलं नाही. दोघी ओट्यावर बसल्या. दारं-खिडक्या सताड उघडी होती. आत कुणीच खोकत नव्हतं, आणि ते दोघींनाही सोसवेना.